कलकत्ता छाप

साळवेसरांच्या घरी दर रविवारी एकच गाणं दोनदा वाजायचं. शेजाऱ्यांना वाटायचं, म्हातारा विसरतो. तसं काही नव्हतं. एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती असायच्या. एक अमेरिकेत नाहीतर जपानात छापलेली, दुसरी कलकत्त्यात. दोन्ही लागोपाठ ऐकायच्या आणि कोणती छाप चांगली ते ठरवायचं, एवढाच तो कार्यक्रम. सगळ्या रेकॉर्डी जाझच्या. शब्द नाहीत, नुसती वाद्यं. ऐकणारे तिघं: स्वतः साळवेसर, कॉलेज रोडवर म्युझिक सिस्टिमचं दुकान असलेला मनोज आणि मखमलाबादचे निवृत्ती काकड.

सरांचं घर शरणपूर रोडच्या मागच्या गल्लीत होतं. बैठं, कौलारू, पुढे पडवी. सर तरुणपणी देवळालीला कॅम्पातल्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे, मग शाळेत संगीत शिकवायचे. आता वय बासष्ट. बायको मंगलाबाई जाऊन सात वर्षं झाली होती. मुलगा मस्कतला, सून सुवर्णा घरात. सरांचा एक नियम होता आणि तो कोणी मोडलेला नव्हता. पाच वाजता आधी परदेशी प्रत लावायची. मग सावकाश चहा, सुवर्णाने केलेला केक आणि गप्पा. मग दिवे लागल्यावर, साडेसहा-सातला, कलकत्ता छाप. देशी आधी ऐकली तर कान मळतो, असं सर म्हणायचे. ऐकून झालं की एका वहीत तिघांनी आपापला शेरा लिहायचा.

निवृत्ती या घरात आला तो फुलांमुळे. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात चोवीस वर्षं नोकरी करून तो पंचाण्णव साली रिटायर झाला आणि घरच्या दीड एकरात मालनबाईच्या जोडीने गुलाब आणि अ‍ॅस्टर लावू लागला. चर्चसाठी शनिवारी फुलं द्यायची, ती सुवर्णाच्या हाती. एकदा तो दारात उभा होता आणि आत रेकॉर्ड चालू होती. त्याने थोडा वेळ ऐकलं आणि म्हणाला, "सर, राग नका मानू, पण तुमच्या मशीनचं बेअरिंग कोरडं पडलंय."

सर हसले. जाझमधलं बेअरिंग ऐकणारा माणूस त्यांनी पहिल्यांदाच पाहिला होता. पण निवृत्तीने तेलाचे दोन थेंब सोडले आणि गाण्यामागची ती बारीक घरघर गेली. सरांनी त्याला खुर्ची दिली. तेव्हापासून ती त्याचीच.

वीज केंद्रात निवृत्तीचं काम ऐकण्याचंच होतं. टर्बाइनच्या बेअरिंगवर लोखंडी सळईचं एक टोक टेकवायचं, दुसरं टोक कानाशी धरायचं. आत काय चाललंय ते सळई सांगते. मशीन खुशीत असेल तर एक आवाज, कुरबुरत असेल तर दुसरा. अक्षरं तो बेचाळिसाव्या वर्षी शिकला, केंद्रातल्या प्रौढांच्या वर्गात. पण कान त्याला आधीपासून होता. वहीत मनोज इंग्रजीत पाच ओळी लिहायचा. निवृत्ती मोठ्या अक्षरात लिहायचा, 'ढोल लांब.' किंवा, 'पितळ खणखणीत. सुई साफ करा.' सर त्याच्या ओळी मोठ्याने वाचायचे आणि म्हणायचे, "मनोज, याला म्हणतात परीक्षण."

सगळ्या रेकॉर्डींत निवृत्तीची एक लाडकी होती. तिच्या पाकिटावर पिवळ्या दाराचं चित्र होतं, म्हणून तिघं तिला पिवळं दार म्हणायचे. क्लॅरिनेट, पियानो, ढोल आणि तो माणसाएवढा उभा तारांचा बास, ज्याला निवृत्ती मोठा बाज म्हणायचा. सरांनी ती चौसष्ट साली मुंबईत घेतली होती. कलकत्ता छाप. तेव्हा नवं लग्न होतं. त्या रेकॉर्डवरची क्लॅरिनेट ऐकत, तिच्या सुरात सूर मिळवत सर शिकले. मंगलाबाईंना ती तोंडपाठ होती. भाकऱ्या थापताना गुणगुणायच्या.

मग शहाण्णव साली सरांच्या भाच्याने अमेरिकेहून तीच रेकॉर्ड पाठवली, तिकडची छापलेली. नियमाप्रमाणे आधी अमेरिकन ऐकली, मग चहा, मग आपली. आणि सरांचा चेहरा उतरला. कलकत्त्याची प्रत जवळपास पाव सूर खाली होती. गाणंही रेंगाळत चाललं होतं. दुसऱ्या रविवारी पुन्हा लावून पाहिली. तेच. मनोज म्हणाला, "छापतानाच चुकीच्या वेगाने छापली असणार. होतं असं."

नंतर एकदा सर निवृत्तीजवळ म्हणाले, "निवृत्ती, मी खोट्यावर शिकलो. तीस वर्षं मला वाटायचं माझी क्लॅरिनेट तिच्याशी जुळते. म्हणजे माझा कानच तसा असणार. शाळेत किती पोरांना मी 'बेसूर आहेस' म्हणून बसवलं असेल!" त्या दिवसापासून क्लॅरिनेटची काळी पेटी कपाटावर गेली. कलकत्त्याचं पिवळं दार पुन्हा कोणी लावलं नाही.

सत्त्याण्णवच्या मार्च महिन्यात मनोजने एक सौदा आणला. मुंबईचा एक शौकीन देशी छापाच्या जुन्या प्रती गोळा करत होता. चुकलेल्या छपाईची असेल तर त्याला जास्तच आवडे. पिवळं दार दिलं तर तो त्याच रेकॉर्डची जपानी प्रत द्यायला तयार होता, कोरी करकरीत.

"घेऊन जा," सर म्हणाले. "पुढच्या रविवारी बांधून ठेवतो."

निवृत्तीला ती जाऊ नये असं वाटलं, पण तो कोण सांगणार? रेकॉर्ड सरांची, आठवणी सरांच्या.

त्याच संध्याकाळी एक गोष्ट घडली. मनोजला त्या रविवारी दुकानात उशीर झाला होता आणि तो सात वाजता आला होता. बरोबर त्याची आवडती जपानी प्रत होती, एका पियानोवाल्याची. मागच्या रविवारी पाच वाजता तिघांनी ती ऐकलीच होती. सर पडवीत चर्चच्या माणसांशी बोलत उभे होते. तेवढ्यात मनोजने ती पुन्हा लावली आणि डोळे मिटले.

"काय गोलाई आहे, काका! लोण्यासारखी."

निवृत्तीने मान तिरकी केली. "मनोजशेट, आज ही जरा दमल्यावानी वाटते."

"काका, ही जपानी आहे. जपानी कधी दमत नाही."

"मागल्या रविवारी पियानो पळत व्हता. आज चालतोय."

"तुम्ही दुपारी झोपला नसाल," मनोज हसला. आपलाच कान म्हातारा झाला असेल, असं निवृत्तीला वाटलं आणि त्याचं त्याला वाईट वाटलं. डोळे गेले, गुडघे गेले तर चालतील. कान ही त्याची एकच मिळकत होती.

सोमवारी संध्याकाळी तो गुलाबाला पाणी देत होता. विहिरीवरची मोटर चालू होती आणि मालनबाई वाफ्याच्या टोकाला फावडं घेऊन उभी होती.

"अवो, ह्या मोटरीला काय झालंय?" ती ओरडली. "सकाळी पाणी कसं लांब फेकत व्हती. आन् आता बघा, म्हाताऱ्यावानी थुंकतीय."

"म्हाताऱ्यावानी?"

"तुमाला नाय म्हनले. तुमी तर रविवारी पोरावानी पळता त्यो बाजा ऐकायला."

निवृत्ती हसला. मग एकदम थांबला. पाइपाच्या तोंडाकडे बघत राहिला. मोटरीचा आवाज ऐकला. खालचा, जड, ओढल्यासारखा. हा आवाज त्याने चोवीस वर्षं ऐकला होता. संध्याकाळी घरोघरचे दिवे लागले, पंखे सुरू झाले की सगळ्या लाइनवर भार येतो आणि टर्बाइनचा सूर असाच खाली बसतो. हे ठाऊक नसलेला माणूस एकलहऱ्यात नव्हता. रोजचंच, म्हणून कोणी त्यावर बोलतही नसे.

"मालन," तो म्हणाला, "मी उद्या एकलहऱ्याला जाऊन येतो."

"आन् फुलं कोन तोडंल?"

"तू तोड. आल्यावर सांगतो. लय मोठं काम हाय."

दुसऱ्या दिवशी बसने नाशिकरोड, तिथून दुसरी बस. दत्तू अजून नोकरीत होता, कंट्रोल रूममध्ये. दोघं एकाच साली लागलेले. गेटाबाहेरच्या टपरीवर चहा घेत निवृत्तीने विचारलं, "दत्तू, रविवारी पाचला हर्ट्झ किती व्हते? आन् सातला?"

दत्तूने कप खाली ठेवला. "रिटायर झाला तरी हर्ट्झ सुटंना व्हय रे तुला? लोकं नातवंडांचं विचारतात."

"सांग ना बाबा."

दत्तू कुरकुरत आत गेला आणि रोजच्या नोंदीतला आकडा हातावर लिहून आणला. पाचला एकोणपन्नास पॉइंट आठ. सातला अठ्ठेचाळीस पॉइंट पाच.

"आता सगळ्या राज्याचा भार त्याच टायमाला येतो, आमी तरी काय करनार?" दत्तू म्हणाला. "पन कशाला पायजे तुला?"

"एका तबकडीसाठी."

"येडा झालास तू."

परतताना बसमध्ये निवृत्तीने बोटांवर हिशोब केला. पाहिजेत पन्नास, मिळतात साडेअठ्ठेचाळीस. म्हणजे शंभराला तीन कमी. शंभर पावलं चालायची तर सत्त्याण्णवच पडतात. सरांच्या मशीनची मोटर सरळ लाइनवर चालणारी. टर्बाइन खाली बसली की ती मोटरही बसणार. मग छाप कलकत्त्याची असो नाहीतर अमेरिकेची, सात वाजता लावली की उतरणारच. आणि कलकत्ता छाप नेहमी सातलाच लागायची. नियम होता ना!

एवढं कळलं, पण सांगायचं कसं? सर शिकलेले, त्यांच्या सुरावर पलटणी चालल्या होत्या. मनोजच्या दुकानात लाख लाखाची मशीनं. आणि आपण म्हणणार, की इतके दिवस तुम्ही चुकत होता? तो शनिवारी फुलं घेऊन गेला, तर टेबलावर पिवळं दार वर्तमानपत्रात गुंडाळून, दोऱ्याने बांधून ठेवलेलं.

"सर, ह्या रेकॉर्डीबद्दल जरा बोलायचं व्हतं."

"नको," सर म्हणाले. आवाज मऊ होता, पण दार लावल्यासारखा. "तिच्याबद्दल आता नको."

सुवर्णा फुलं घेताना हळूच म्हणाली, "काका, पप्पांनी काल ती दोनदा बांधली. पुन्हा सोडली, पुन्हा बांधली."

रविवारी निवृत्ती साडेचारलाच पोचला. पाच वाजता मनोज आला. काखेत जपानी पिवळं दार. सर अमेरिकन प्रत काढायला उठले, तेव्हा निवृत्ती उभा राहिला.

"सर, आज उलटं करू. आधी कलकत्ता."

"ती तर बांधली."

"सोडा. जायच्या आधी एकदा ऐकू. मला तेवढंच द्या."

"आणि नियम? कान मळेल तुमचा."

"मळू द्या. घरी जाऊन धुतो."

मनोज खो खो हसला. सरांनी निवृत्तीकडे पाहिलं. इतक्या दिवसांत या माणसाने कधी काही मागितलं नव्हतं. त्यांनी दोरा सोडला.

सुई टेकली. आधी खरखर, ती होतीच. मग बाजाचे चार ठोके, आणि क्लॅरिनेट आत आली.

सर उभेच होते. बसायचं राहून गेलं. पहिल्या फेरीनंतर त्यांनी एक बोट वर केलं, वर्गात करायचे तसं. "सुवर्णा! कपाटावरची पेटी."

पेटीवर धूळ होती. सरांनी क्लॅरिनेटचे तुकडे जोडले, तोंडाकडची वेताची पत्ती जिभेवर ओली केली, सुई उचलून पुन्हा सुरुवातीला ठेवली. त्या लांब सुरावर त्यांनी आपला सूर लावला. दम पुरला नाही, आवाज फाटला. पण दोन्ही सूर एकावर एक बसले. चौसष्ट साली बसायचे तसेच.

"ही जुळते," सर म्हणाले. मग स्वतःशीच, "ही कशी जुळते?"

"आता चहा घेऊ," निवृत्ती म्हणाला. "मग सातला अमेरिकन लावा."

चहा कोणाला गोड लागला नाही. मनोज दोनदा म्हणाला, की हवामानाचा परिणाम असेल. सर खिडकीशी उभे होते. गल्लीत दिवे लागले, समोरच्या घरी टीव्ही सुरू झाला, कुणीतरी मिक्सर लावला. सात वाजले आणि अमेरिकन प्रत लागली. चार ठोके पडले. पाय ओढत पडले.

सर तीन ढांगांत मशीनपाशी गेले. "कोणी प्रती बदलल्या का?"

मनोजने वाकून लेबल वाचलं. "नाही सर. अमेरिकनच आहे. पण ही तर... ही तर उतरली आहे!"

"तुमची जपानी लावा," निवृत्ती म्हणाला.

जपानीही उतरली. कोरी करकरीत, पण उतरली. मनोजने कपाळाला हात लावला. "काका, तुम्ही काय केलंत या मशीनला?"

"मी नाय. फोन कुठाय?"

निवृत्तीने कंट्रोल रूमचा नंबर फिरवला, 'हर्ट्झ किती?' एवढंच विचारलं आणि रिसीव्हर सरांच्या कानाला लावला. पलीकडून दत्तूचा आवाज आला, इतका मोठा की सगळ्यांना ऐकू गेला. "अठ्ठेचाळीस पॉइंट पाच! नुसता वैताग हाय. कोन बोलतंय?"

"साळवे," सर म्हणाले. "शरणपूर रोड."

"कुठलं सबस्टेशन?"

"सबस्टेशन नाही. मी क्लॅरिनेट वाजवतो."

मग दत्तू म्हणाला, "निवृत्ती हाय का तिथं? त्याला म्हनावं, डाक्टरला दाखव." आणि फोन ठेवला.

मग निवृत्तीने सांगितलं. त्याला भाषण करता येत नव्हतं. तो म्हणाला, लाइट एका सेकंदात पन्नास झोके घेते. भार वाढला की झोके कमी पडतात आणि ह्या मशीनची मोटर त्या झोक्यांवर चालते. पाचला जवळजवळ पुरे झोके असतात. सातला नसतात. मालनच्या मोटरीचं पाणीही सातला कमी पडतं.

सरांनी वही उघडली. ते प्रत्येक नोंदीपुढे वेळ लिहायचे. एक पान, दुसरं, तिसरं. 'सूर उतरलेला', सहा पन्नास. 'रेंगाळते', सात दहा. 'अमेरिकन सरस', पाच पाच. एकशे बारा रेकॉर्डी, आणि प्रत्येक वेळी हरणारी सातची. सर मटकन बसले. मनोजला वाटलं म्हाताऱ्याला भोवळ आली. पण ते हसत होते, खांदे हलत होते.

"म्हणजे आपण छापा नाही ऐकल्या," ते म्हणाले. "आपण नाशिककरांचे पंखे ऐकले!"

"माझ्या दुकानातलं मशीन क्वार्ट्झचं आहे," मनोज ओशाळून म्हणाला. "ते लाइनवर अवलंबून नसतं. तिथे एकदा लावली असती तर लगेच कळलं असतं. पण मी देशी प्रत कधी लावलीच नाही."

"काय लावणार तू! लोण्यासारखी गोलाई!" निवृत्ती म्हणाला आणि लगेच जीभ चावली. पण मनोजच आधी हसला.

हसू ओसरल्यावर सर म्हणाले, "निवृत्ती, म्हणजे माझा कान..."

"तुमचा कान बराबर व्हता सर. तेव्हाबी आन् आत्ताबी. लाइन खाली बसत व्हती, तुमी नाय."

सरांनी मान हलवली. मग कलकत्त्याचं पिवळं दार उचललं आणि पाकिटात घातलं. वर्तमानपत्र चुरगाळून सुवर्णाच्या हाती दिलं. "मनोज, तुझ्या मुंबईच्या माणसाला सांग, चुकलेली छपाई आमच्याकडे नाही."

"मग जपानी परत नेऊ?"

"ने. पण उद्या सकाळी घेऊन ये. दहा वाजता. आधी फोन करू आणि मग तिन्ही लावू."

सोमवारी दहाला दत्तूने शिव्या घालत आकडा सांगितला. एकोणपन्नास पॉइंट आठ. ठीक. तिन्ही पिवळी दारं एकामागून एक वाजली. सकाळचं ऊन पडवीतून आत आलं होतं. निवृत्तीने फुलांचं काम दुपारवर टाकलं होतं आणि मालनबाईची बोलणी आधीच खाल्ली होती.

"अमेरिकन सरस," शेवटी सर म्हणाले. "प्रामाणिकपणे सांगतो. झांजा स्वच्छ, क्लॅरिनेटचा श्वाससुद्धा ऐकू येतो. जपानी साफ, पण जरा परीटघडीची. कलकत्ता जाडीभरडी छापलीय, वर खरखर. पण खोटी नाही. मला एवढंच पाहिजे होतं."

"नाय पटत," निवृत्ती म्हणाला.

सरांनी चष्म्यावरून पाहिलं. "काय नाही पटत?"

"कलकत्त्यात तो मोठा बाज बगा. तार ओढली की लाकूड बोलतं. अमेरिकनमध्ये नुसती तार बोलते, लाकूड गप."

"लाकूड? अहो, ती घरघर आहे छपाईची!"

"घरघर मला शिकवू नका सर. चोवीस वर्षं घरघरच ऐकली. हे लाकूड हाय."

"मनोज, तू सांग."

मनोज दोघांकडे आळीपाळीने बघू लागला. "मला वाटतं... दोघांचंही..."

"ह्याला काही कळत नाही," सर म्हणाले. "लाव रे पुन्हा कलकत्ता. दाखवतो यांना लाकूड कुठे आहे ते."

आतून सुवर्णा म्हणाली, जेवणं गार होताहेत. कोणी उठलं नाही. सरांनी स्वतःची खुर्ची निवृत्तीच्या खुर्चीजवळ ओढली, दोघांनी माना एकाच बाजूला तिरक्या केल्या, आणि मनोजने सुई टेकवली.